ऊडनाडाटा ट्रॅकवरचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून जाणाऱ्या ऊडनाडाटा ट्रॅक या जुन्या कच्च्या रस्त्याने आम्ही ॲडलेडहून दोनदा जाऊन आलो. तेव्हापासून इथले मराठी स्नेही आणि भारतातून भेटीला येणारे नातेवाईक त्याविषयी सतत काही ना काही विचारत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

हा रस्ता कुठून कुठे जातो, आणि त्याला ऐतिहासिक का म्हणतात?

ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे ७०० किलोमीटरांवर असलेल्या मॅरी या खेड्यापासून हा रस्ता निघतो आणि विल्यम क्रीक व ऊडनाडाटा या दोन वस्त्यांवरून मार्ला येथे स्टुअर्ट महामार्गाला मिळतो. एकूण अंतर सुमारे ६२० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून गोव्याला जाण्यापेक्षा थोडे अधिक आहे. फरक असा की, एवढ्या अंतरात वाटेत केवळ दोन वस्त्या लागतात आणि त्यांतल्या एकीत जेमतेम दहा-बारा माणसे राहतात.

तो ऐतिहासिक ठरतो तो पाण्यामुळे. या रुक्ष मुलखात नैसर्गिक झऱ्यांची एक लांबच लांब कमान आहे. मूलनिवासी लोक हजारो वर्षे या झऱ्यांच्या आधाराने ये-जा करीत आणि गेरूसारख्या वस्तूंचा व्यापार करीत आले. एकोणिसाव्या शतकात आलेला शोधप्रवासी, त्याच्यामागून आलेली तारेची (टेलिग्राफची) लाइन, उंटांचे तांडे आणि आगगाडी या सर्वांनी तीच वाट धरली, कारण दुसऱ्या वाटेवर पाणी नव्हते. आजचा रस्ता जुन्या रुळांच्या कडेने जातो. त्यामुळे प्रवासात जे जे अवशेष दिसतात, ते पाहताना ‘इथे पाणी कुठे असेल?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर बहुधा हाकेच्या अंतरावर सापडते.

वर्षभरात दोन-चार सरी पडणाऱ्या वाळवंटात झरे कसे काय?

ऑस्ट्रेलियाच्या पोटात ‘ग्रेट आर्टेशियन बेसिन’ नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे. त्याचा विस्तार सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे खंडाच्या पाचव्या भागाहून अधिक आहे. पूर्वेकडील डोंगरांत पडणारा पाऊस तिथल्या सच्छिद्र वालुकाश्मात मुरतो आणि वरच्या अभेद्य थरांखाली दाबला जाऊन अत्यंत संथपणे पश्चिमेकडे सरकतो. या कडेला जिथे थर पातळ होतात किंवा त्यांना भेगा पडलेल्या असतात, तिथे ते पाणी दाबामुळे आपोआप वर येते. इथे वर येणारे काही पाणी दहा लाख वर्षांहूनही जुने आहे.

वर आलेल्या पाण्यातले क्षार आणि वाऱ्याने आणलेली वाळू साचत साचत झऱ्याभोवती उंचवटा तयार होतो, आणि पाणी त्या टेकाडाच्या माथ्यावर तळ्यासारखे उभे राहते. सपाट, तांबड्या माळावर टेकडीच्या डोक्यावर हिरवे लव्हाळे दिसले की समजावे, तिथे झरा आहे. मात्र शंभराहून अधिक वर्षे गुरांसाठी बेसुमार विहिरी पाडल्या गेल्या आणि कित्येक उघड्याच वाहत राहिल्या. त्यामुळे खालचा दाब घटला, अनेक झरे मंदावले आणि काही आटले. गेल्या काही दशकांत अशा विहिरींना तोट्या बसवून त्या बंद करण्याचे मोठे काम झाले आहे. ते आधीच व्हायला हवे होते, असे ते कोरडे उंचवटे पाहून वाटल्याशिवाय राहत नाही.

तारेची आणि रेल्वेची हकिगत थोडक्यात सांगाल का?

शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट याने १८५८ पासून या भागात अनेक मोहिमा केल्या आणि एका झऱ्याहून दुसऱ्या झऱ्याकडे पुढे सरकत १८६२ मध्ये तो खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर पोहोचला. त्याने दाखवलेल्या मार्गानेच, बव्हंशी, चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही सुमारे ३,२०० किलोमीटरांची तारेची लाइन उभी राहिली आणि ऑगस्ट १८७२ मध्ये ती जोडली गेली. जावाहून आलेल्या समुद्री तारेमुळे ऑस्ट्रेलियाचा लंडनशी संपर्क महिन्यांऐवजी काही तासांवर आला. लांब अंतरात संदेश क्षीण होत असल्याने ठरावीक टप्प्यांवर तो ऐकून पुढे पाठवणारी ठाणी लागत. स्ट्रँगवेज स्प्रिंग्ज आणि ‘द पीक’ या ठिकाणांचे दगडी अवशेष अशाच ठाण्यांचे आहेत, आणि दोन्ही झऱ्यांकाठी आहेत.

रेल्वे १८८४ मध्ये मॅरीला आणि १८९१ च्या आरंभी ऊडनाडाटाला पोहोचली. पुढे मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत जायला तिला १९२९ साल उजाडले. रुळांची रुंदी १,०६७ मिलिमीटर होती, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजच्या जवळपास. वाफेच्या इंजिनांना पाणी लागणार म्हणून लोहमार्ग झऱ्यांच्या कडेने नेला, परंतु त्या पाण्यातले क्षार बॉयलरमध्ये जमत असल्याने ते पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचे करण्यासाठी उंच लोखंडी मनोरे उभारावे लागले. कर्डिमर्का या ओसाड स्थानकाजवळ असा एक मनोरा अजून उभा आहे. सखल भागातून गेलेला हा मार्ग पुरात वारंवार वाहून जाई आणि प्रवासी कित्येक दिवस अडकून पडत. अखेर पश्चिमेकडे उंच जमिनीवरून नवा मार्ग टाकण्यात आला आणि १९८० मध्ये जुना बंद झाला.

‘अफगाण’ उंटवाल्यांचा भारताशी काही संबंध होता का?

होता, आणि मराठी वाचकाला तो विशेष जवळचा वाटावा असा आहे. १८६० मध्ये एका मोठ्या मोहिमेसाठी मेलबर्नला २४ उंट कराचीहून जहाजाने आणले गेले. १८६६ मध्ये व्यापारी थॉमस एल्डर यांनी शंभराहून अधिक उंट आणि त्यांच्यासोबत तीसेक उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरवले, तेही कराचीहूनच. त्या काळी सिंध आणि कराची मुंबई इलाख्यात मोडत होते. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे ही माणसे आणि हे उंट ज्या बंदरातून निघाले, त्याचा कारभार मुंबईहून चालत होता.

ऑस्ट्रेलियात या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ किंवा नुसते ‘घान’ म्हटले गेले, तरी त्यांत बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे अनेक जण होते. १८७० ते १९२० या काळात किमान दोन हजार उंटवाले आणि सुमारे वीस हजार उंट या देशात आले, असा अंदाज आहे. तारेचे खांब, रुळांचे स्लीपर, लोकरीचे गठ्ठे, पिठाची पोती, टपाल हे सारे त्यांनी वाहिले. रेल्वे ऊडनाडाटाला येऊन थांबली, तेव्हापासून पुढची जवळजवळ चाळीस वर्षे ॲलिस स्प्रिंग्जचा माल त्यांच्याच तांड्यांनी पोहोचवला. ‘द घान’ या प्रसिद्ध आगगाडीचे नाव त्यांच्यावरूनच पडले, असे सामान्यतः मानले जाते.

त्यांच्या वाट्याला आलेले आयुष्य मात्र कठीण होते. मॅरीमध्ये रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची व मूलनिवाशांची, अशी सरळ फाळणी होती. आशियातून आलेल्यांना १९०३ च्या कायद्याने नागरिकत्व नाकारले. पुढे मोटारी आल्या आणि उंट निरुपयोगी ठरले, तेव्हा १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्यास मुभा देणारा कायदा केला. अनेक उंटवाल्यांनी आपली जनावरे मारण्याऐवजी रानात सोडून दिली. आज मध्य ऑस्ट्रेलियात दिसणारे रानटी उंट हे त्यांचेच वंशज आहेत. मॅरीत त्यांच्या पहिल्या मशिदीची मातीच्या भिंतींची आणि शाकारलेल्या छपराची प्रतिकृती आहे. ती इतकी लहान आहे की गाडीतून चटकन दिसतही नाही. तिथे आवर्जून उतरावे.

कोणत्या महिन्यांत जावे?

मे ते सप्टेंबर हा उत्तम काळ आहे. दिवसा हवा सुखद असते, परंतु जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, म्हणून तंबूत झोपणार असाल तर चांगली उबदार पांघरुणे न्यावीत. नोव्हेंबर ते मार्च या काळात जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. २ जानेवारी १९६० रोजी ऊडनाडाटाला ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि आजही तो ऑस्ट्रेलियातील उच्चांक आहे (२०२२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याची बरोबरी झाली). भारतातील नातेवाईक बहुधा दिवाळी-नाताळच्या सुट्टीत येतात. त्यांच्यासाठी दुसरा प्रवास आखावा.

साध्या मोटारीने जाता येईल का?

रस्ता कोरडा आणि नुकताच सपाट केलेला असेल, तर स्थानिक लोक साध्या मोटारीनेही जातात. तरीही आम्ही कोणालाही उंच तळाची, चारही चाकांना जोर देणारी गाडीच नेण्यास सांगू. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात आणि काही टप्प्यांत धारदार दगडगोटे पसरलेले असतात, ज्यांना इथे ‘गिबर’ म्हणतात.

आमच्या पहिल्या फेरीत विल्यम क्रीकच्या अलीकडे मागचे चाक अशाच एका दगडाने फाटले. चूक आमचीच होती. डांबरी रस्त्यासाठी भरलेली हवा आम्ही कमीच केली नव्हती आणि वेगही जास्त होता. स्टेपनी काढायला डिकीतले सगळे सामान तांबड्या धुळीत उतरवावे लागले आणि भुसभुशीत जमिनीत जॅक रुतू लागला. तेवढ्यात गुरांच्या फार्मवरचा एक गृहस्थ थांबला. त्याने एक शब्दही न बोलता आपल्या गाडीतली जाड लाकडी फळी जॅकखाली सरकवली. तेव्हापासून आमच्या गाडीत तशी फळी, हवा मोजण्याचे यंत्र, छोटा कंप्रेसर आणि शक्य झाल्यास दुसरी स्टेपनी असतेच. कच्च्या रस्त्याला लागताना आम्ही हवा २८ ते ३० पौंडांवर आणतो आणि वेग ताशी ८० किलोमीटरांच्या आत ठेवतो.

गाडी भाड्याने घेणार असाल, तर करारातील कच्च्या रस्त्याविषयीचे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. बहुतेक कंपन्या साध्या मोटारी अशा रस्त्यांवर नेऊ देत नाहीत, आणि परवानगी नसताना नेली तर विमा लागू होत नाही.

भारतीय वाहन परवाना चालतो का?

तात्पुरत्या भेटीवर आलेल्या व्यक्तीचा इंग्रजी मजकूर असलेला वैध परवाना चालतो. वाहने डाव्या बाजूनेच चालवायची असल्यामुळे ती सवय बदलावी लागत नाही. कच्च्या रस्त्याचा अनुभव नसलेल्याने मात्र इथे प्रथमच हात आजमावू नये.

इंधन, पाणी आणि फोन यांची व्यवस्था काय?

इंधन मॅरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला येथे मिळते. प्रत्येक टप्पा सुमारे २०० किलोमीटरांचा असल्याने नेहमीच्या टाकीत काम भागते, परंतु प्रत्येक ठिकाणी टाकी पूर्ण भरून घ्यावी. पिण्याचे पाणी ॲडलेडहूनच न्यावे. आम्ही माणशी रोज किमान सात लिटर धरतो आणि वर दोन दिवसांचे जास्तीचे ठेवतो. वस्त्यांच्या बाहेर मोबाइल लागतो असे गृहीत धरू नये. उपग्रह फोन किंवा संकटसूचक बीकन भाड्याने मिळतो, तो घ्यावा. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबावे. माणसापेक्षा गाडी दुरून दिसते, तिची सावली मिळते आणि पाणीही तिच्यातच असते. चालत निघालेल्या माणसांनी प्राण गमावल्याच्या हकिगती या मुलखात अनेक आहेत.

पाऊस आला तर काय करावे?

थांबावे. थोड्याशा पावसानेही इथल्या मातीचा चिकट राडा होतो आणि सरकार रस्ता बंद करते. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास जबर दंड होतो. दंडापेक्षाही, ओल्या मातीत पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्यावर दगडासारख्या होतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला जाचतात. राज्याच्या रस्ते खात्याकडून दुर्गम रस्त्यांची स्थिती रोज जाहीर होते. ती निघण्यापूर्वी आणि प्रत्येक वस्तीत पाहावी. वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवलेले असतील, तर असा मुक्काम जाचत नाही.

किती दिवस लागतात आणि कुठे कुठे थांबावे?

एका दिवसात हे अंतर कापणारे लोक आहेत, परंतु त्यांना धुळीशिवाय काही दिसत नाही. मॅरी ते मार्ला चार दिवस द्यावेत. ॲडलेडहून येणे-जाणे धरून नऊ-दहा दिवस होतात.

मॅरी सोडल्यावर थोड्याच वेळात डिंगो कुत्र्यांना अडवण्यासाठी घातलेले, सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे कुंपण ओलांडावे लागते. त्यापुढे अल्बेरी क्रीकजवळ उभी केलेली दोन विमाने आणि भंगारातून घडवलेली शिल्पे दिसतात. मग लेक एअर साउथ या खारट तळ्याचा दर्शनबिंदू आणि कर्डिमर्का. त्यापुढे बब्लर व ब्लांश कप हे दोन झरे वाब्मा कादार्बू संरक्षित क्षेत्रात आहेत. पहिला मुक्काम कावर्ड स्प्रिंग्जला करावा. रेल्वेच्या काळात लावलेली खजुराची झाडे, नीट जतन केलेली दगडी घरे आणि कोमट पाण्याचे लाकडी डोहकुंड असे ते ठिकाण आहे. पहाटे त्या पाण्यात बसून पाणथळीतल्या पक्ष्यांचा कलकलाट ऐकावा.

विल्यम क्रीक हे अॅना क्रीक या गुरांच्या फार्मच्या वेढ्यात आहे. या फार्मचे क्षेत्रफळ सुमारे १५,७०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे चार गोवा राज्ये त्यात सहज मावतील. पुढच्या टप्प्यात नील्स नदीवरचा अल्जेबकिना पूल अजिबात चुकवू नये. १९ गाळ्यांचा, सुमारे ५८० मीटर लांबीचा हा लोखंडी रेल्वेपूल १८९० च्या दशकाच्या आरंभी खुला झाला, आणि आता त्यावरून काहीच जात नाही. खाली नदीचे पात्र बहुधा कोरडे, पण जवळच एक कायमचा डोह आहे. एवढ्या कोरड्या नदीवर एवढा पूल कशाला, असा प्रश्न मुलांनी विचारला. त्याचे उत्तर खांबांत अडकलेल्या, डोक्याच्या वर असलेल्या वाळक्या फांद्यांनी दिले.

ऊडनाडाटात गुलाबी रंगाचे रोडहाउस आणि जुने रेल्वे स्थानक आहे. ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा सुरू करणारे जॉन फ्लिन यांच्या मिशनचे आरंभीचे काम याच गावातले. तिथून मार्लापर्यंतचा टप्पा तुलनेने सपाट आहे. हाती आणखी तीन-चार दिवस असतील, तर उत्तरेकडील डालहाउसी झऱ्यांना जावे; तिथल्या मोठ्या डोहाचे पाणी ३७-३८ अंशांचे असते. ती वाट मात्र याहून खडतर आहे.

लेक एअर पाण्याने भरलेले दिसेल का?

काटी थांडा–लेक एअर हे ऑस्ट्रेलियातील सर्वांत सखल ठिकाण असून ते समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली आहे. बहुतेक वर्षी तिथे पांढऱ्या मिठाचा थर दिसतो. क्वीन्सलंडमध्ये मुसळधार पाऊस झाला की शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून काही आठवड्यांनी पाणी येते आणि त्यासोबत पेलिकनांसह हजारो पाणपक्षी येतात. १९७४ मध्ये ते विसाव्या शतकातील सर्वाधिक पातळीपर्यंत भरले होते, आणि २०२५ मध्येही मोठा पूर पोहोचला. पाणी असो वा नसो, तळ्याचा आवाका विमानातूनच कळतो. विल्यम क्रीक आणि मॅरीहून तशी उड्डाणे असतात.

तळ्याच्या पृष्ठभागावर उतरू नये. या भागातील मूलनिवासी अरबाना लोकांसाठी ते पवित्र आहे, २०१२ मध्ये त्या भूमीवरचा त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला, आणि आता राष्ट्रीय उद्यानाचे नियमही तेच सांगतात. काठावरून पाहण्यात काही उणे राहत नाही.

वयस्क आई-वडिलांना आणि मुलांना नेता येईल का?

आमच्यासोबत दुसऱ्या फेरीत सत्तरीच्या सासूबाई होत्या. रोज १५० ते २०० किलोमीटरांहून अधिक प्रवास न ठेवल्यामुळे त्यांना त्रास झाला नाही. मॅरी, ऊडनाडाटा आणि मार्ला येथे दवाखाने आहेत, परंतु मोठे रुग्णालय फार दूर आहे. नेहमीची औषधे दुप्पट न्यावीत. माश्या पुष्कळ असतात, त्यामुळे तोंडावर ओढायची जाळी सर्वांसाठी घ्यावी.

शाकाहारी जेवण मिळते का?

वस्त्यांमधील पब आणि रोडहाउसमध्ये सँडविच, चिप्स, सॅलड एवढेच खात्रीने मिळते. शिधा सोबत न्यावा. भाजणी, पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी यांवर आमचे उत्तम भागले. सरपण गोळा न करता गॅसची शेगडी वापरावी, कारण वाळवंटातले पडलेले लाकूडही सरड्या-किड्यांचे घर असते. दुसऱ्या राज्यातून येताना फळे आणू नयेत. फळमाशीच्या भीतीने दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यांवर कडक बंदी आहे.

वेळ थोडाच असेल, तर एकच कोणते ठिकाण पाहावे?

बब्लर. मॅरीहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येते. मुख्य रस्ता सोडून थोडे आत गेल्यावर एक गोल, उथळ तळे लागते. त्याच्या मध्यभागी राखाडी वाळू स्वस्थ पडलेली दिसते. मग ती हळूहळू फुगते, मंद आचेवर रटरटणाऱ्या पिठल्यासारखी उचलली जाते, एक मोठा बुडबुडा फुटतो आणि वाळू वर्तुळे करीत पुन्हा खाली बसते. पाणी उकळत नसते, त्याला फक्त वर येण्याची ओढ असते.

अरबाना परंपरेत याची कथा आहे. काकाकुटान्हा नावाच्या पूर्वजाने कानमारी या महासर्पाचा माग काढत त्याला इथे मारले. ही हालचाल म्हणजे त्या मरणाऱ्या सर्पाची तडफड. त्याने फेकून दिलेले सर्पाचे डोके म्हणजे समोरची वाब्मा कादार्बू ही टेकडी, आणि ज्या भट्टीत त्याने सर्प शिजवला, ती म्हणजे जवळचा ब्लांश कप. ती टेकडी भूशास्त्राच्या दृष्टीने फार पूर्वी आटलेला एक झराच आहे, म्हणजे कथेनेही एक जिवंत आणि एक मृत झरा एकाच सूत्रात बांधला आहे.

लाकडी पायवाटेवरून उतरू नये आणि पाण्यात हात घालू नये; या झऱ्यांत जगात अन्यत्र कुठेही न आढळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याहूनही लहान गोगलगायी राहतात. सासूबाई तिथे पाऊण तास कठड्याला टेकून उभ्या होत्या. निघताना त्यांनी हात जोडले आणि ‘आणखी एक येऊ दे’ म्हणून पुढच्या बुडबुड्यासाठी थांबून राहिल्या.